आधी माप, मग कात्री

(समाजाच्या वार्षिक संमेलनात आरोग्यविषयक सत्रात एका समाजबंधू डॉक्टरांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आहे, वधूवर-परिचय आहे, वार्षिक अहवाल व हिशेबाचे वाचन आहे. या सर्वांमध्ये पायांच्या रक्तवाहिन्यांसारखा रूक्ष विषय मांडण्याची मुभा कार्यकारी मंडळाने मला दिली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय रूक्ष असला तरी तो आपणांस परका नाही. शिंप्याचा धंदा हा हाताचा धंदा असे लोक समजतात. परंतु ज्याने पायमशीनवर आयुष्य काढले त्यास विचारले तर तो सांगेल की, कापड हाताने सरकत असले तरी चाक पायाने फिरते. आता पुष्कळ दुकानांत मशीनला मोटार बसली आहे, कित्येक बंधू तयार कपड्यांच्या कारखान्यांत कामास आहेत, आणि नव्या पिढीतील बरीच मुले नोकरी-व्यवसायानिमित्त या धंद्याबाहेर पडली आहेत. तथापि पाय सर्वांसच लागतो. वेळीच तपासणी झाली असती तर जो पाय वाचला असता, तो गमावून बसलेली माणसे प्रत्येक गावात आढळतात. अशांची संख्या आपल्या समाजात तरी कमी व्हावी, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया आणि सुईदोरा यांचे नाते फार जुने व जवळचे आहे. 1894 साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्यों शहरात एका मारेकऱ्याने सुरीचा वार केला. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी त्यामुळे फाटली. फाटलेली रक्तवाहिनी शिवावी कशी, हे त्या काळच्या शस्त्रवैद्यांस ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या देखत राष्ट्राध्यक्षांचा प्राण गेला. ही घटना त्याच शहरात वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या अलेक्सी कारेल नावाच्या तरुणाच्या मनास लागून राहिली. रक्तवाहिनी शिवायची तर टाका किती बारीक असावा, हे शिकण्यासाठी तो कोणा प्राध्यापकाकडे गेला नाही. ल्योंमधील भरतकाम करणाऱ्या एका कुशल बाईकडे जाऊन तो सुई धरावयास शिकला. पुढे 1902 साली त्याने रक्तवाहिन्या शिवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि 1912 साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील प्रख्यात शस्त्रवैद्य मायकेल डिबेकी यांस त्यांच्या मातोश्रींनी लहानपणीच शिवणकाम शिकविले होते. 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी ह्यूस्टन शहरातील एका दुकानातून डेक्रॉनचे कापड विकत आणले आणि घरच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवून कृत्रिम रक्तवाहिन्या तयार केल्या. आपल्या विद्येचा हा गौरव आपल्या मुलामुलींस अवश्य सांगावा असा आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो. हृदयाकडून शरीराला रक्त पोचविणाऱ्या वाहिनीस रोहिणी म्हणतात, आणि रक्त परत हृदयाकडे नेणारीस नीला म्हणतात. हृदयातून निघालेली महारोहिणी पोटातून खाली येऊन बेंबीच्या सुमारास दुभंगते. तिची एकेक शाखा जांघेतून मांडीत, तेथून गुडघ्याच्या मागच्या खळगीत आणि पुढे तीन फाट्यांनी पोटरीतून पावलापर्यंत जाते. मांडीतील रोहिणीची पोकळी साधारण 5 ते 6 मिलिमीटर असते, तर गुडघ्याखालच्या फाट्यांची अवघी 2 ते 3 मिलिमीटर. वय, तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब व रक्तातील अधिक मेद यांच्यामुळे या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरात मेदाचे व पुढे चुन्याचे थर साठतात आणि वाट अरुंद होत जाते. हीच विकृती हृदयाच्या रोहिण्यांत झाली म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या रोहिण्यांत झाली म्हणजे अर्धांगवायू होतो. 2010 साली जगात सुमारे 20 कोटी लोकांस पायांच्या रोहिण्यांचा हा विकार होता, असा अंदाज शास्त्रज्ञांनी नंतर प्रसिद्ध केला. ज्याच्या पायाची वाट अरुंद झाली आहे, त्याच्या हृदयाचीही तीच अवस्था असण्याचा पुष्कळ संभव असतो, म्हणून पायाचे दुखणे हे पायापुरते आहे असे समजू नये.

या रोगाची पहिली खूण अगदी ठरावीक असते. माणूस स्वस्थ बसला असता काही त्रास नसतो. ठरावीक अंतर चालले म्हणजे पोटरी भरून येते, गोळा आल्यासारखी आवळते. क्षणभर उभे राहिले की दोन-चार मिनिटांत दुखणे ओसरते. पुन्हा तितकेच चालले की पुन्हा तेच. बसलेल्या स्नायूला थोडे रक्त पुरते, चालणाऱ्यास त्याच्या अनेक पट लागते, आणि अरुंद वाटेतून तेवढे येत नाही, हे त्याचे कारण. पायमशीन चालविणाऱ्यास हीच वेदना पायडल मारताना येते. 1831 साली फ्रान्समधील एका पशुवैद्याने हे असे थांबून थांबून लंगडणे प्रथम घोड्यात वर्णन केले, आणि 1858 साली शार्को या विख्यात वैद्याने ते माणसात दाखवून दिले. आपल्याकडे मात्र आजही त्याला 'वात' म्हणतात, 'आता वय झाले' म्हणतात, तेल चोळतात आणि सोडून देतात. मणक्यातील नस दबल्यामुळेही चालताना पाय दुखतात. परंतु तशा रुग्णास नुसते उभे राहून आराम पडत नाही, त्याला बसावे किंवा पुढे वाकावे लागते. हा भेद ध्यानात ठेवला तर पुष्कळ घोटाळा टळेल.

रोग पुढच्या पायरीवर गेला म्हणजे रात्री अंथरुणात पाऊल ठणकू लागते, आणि पाय खाटेखाली लोंबता सोडला तरच थोडा आराम वाटतो. त्याही पुढे बोटांवर किंवा टाचेवर जखम होते व ती भरत नाही. शेवटी बोट काळे पडते. येथवर मजल आली म्हणजे पाय धोक्यात आहे, असे निश्चित समजावे.

मधुमेही माणसाची गोष्ट याहून अवघड. मधुमेहाने पावलांची संवेदना बधिर होते, त्यामुळे दुखण्याची पहिली सूचनाच त्याला मिळत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात 10 कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. तेव्हा या सभागृहातही ते बरेच असणार. आपल्या दुकानातील जमिनीवर टाचण्या व तुटक्या सुया पडलेल्या असतात हे सांगावयास नको. पाय बधिर झालेल्या मधुमेही बंधूच्या पावलात टाचणी रुतली तर त्यास ती संध्याकाळपर्यंत कळत नाही, आणि वरून रक्ताचा पुरवठा कमी असला तर ती एवढीशी जखम महिना महिना भरत नाही. अशा बंधूंनी दुकानात व घरातही अनवाणी वावरू नये, बंद व सैल पादत्राण वापरावे, आणि रोज रात्री दिव्याखाली तळपाय पाहावेत, अथवा घरच्या मंडळींकडून पाहवून घ्यावेत. गार पडलेल्या बधिर पायास शेक देणे किंवा गरम पाण्याची पिशवी लावणे अत्यंत घातक आहे. चटका बसलेला रुग्णास कळत नाही, आणि भाजलेली कातडी भरून काढण्यास तेथे रक्त नसते.

रोग ओळखण्यासाठी पहिली तपासणी फार साधी आहे. हाताची नाडी जशी मनगटावर लागते तशी पायाची नाडी पावलाच्या वरच्या बाजूस व घोट्याच्या आतील कडेमागे लागते. डॉक्टरांनी ती चाचपून पाहणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी मोजमापाची. दंडाचा व घोट्याचा रक्तदाब पट्टा बांधून आणि डॉप्लर नावाच्या लहानशा यंत्राने नाडीचा आवाज ऐकून मोजतात, आणि घोट्याच्या आकड्यास दंडाच्या आकड्याने भागतात. निरोगी माणसात हा भागाकार 1 ते 1.4 च्या दरम्यान येतो. तो 0.9 किंवा त्याहून कमी आला तर रोहिणीत अडथळा आहे असे समजतात, आणि 0.4 च्या खाली गेला तर अडथळा गंभीर असतो. मधुमेहात रोहिणी चुन्याने कडक झालेली असली तर हा आकडा फसवा मोठा येतो. अशा वेळी अंगठ्यातील दाब मोजतात. या तपासणीस सुई टोचावी लागत नाही, ती काही मिनिटांत होते आणि खर्चही थोडा येतो.

माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा आपल्या धंद्यातील पहिला धडा होय. तरीसुद्धा पायाच्या बाबतीत याच्या उलट घडताना दिसते. बोट काळे पडले म्हणून बोट कापतात. रक्ताचा पुरवठाच नसल्यामुळे ती जखम भरत नाही. मग अर्धे पाऊल जाते, तेही भरत नाही. मग गुडघ्याखाली पाय जातो. या सर्व क्रमात अडथळा कोठे आहे आणि तो काढता येईल काय, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. पू पसरून विष अंगात भिनू लागले असेल तर प्राण वाचविण्यासाठी तातडीने शस्त्र चालवावेच लागते, आणि काही पाय कोणत्याही उपायाने वाचण्यासारखे नसतात, हे मी जाणून आहे. परंतु अशी घाई नसेल तेव्हा रक्तप्रवाहाचे माप व रोहिणीचे चित्र पाहिल्याशिवाय बोट किंवा पाय कापण्यास संमती देऊ नये. माझ्या आजच्या भाषणातील एकच वाक्य आपण घरी नेणार असाल तर ते हे न्यावे.

आता हा अडथळा काढतात कसा, ते सांगतो. 1948 साली पॅरिसमध्ये झाँ कुन्लँ यांनी रुग्णाच्याच पायातील नीला घेऊन ती अडथळ्याच्या वर व खाली जोडली आणि रक्ताला वळणरस्ता करून दिला. ही बायपास शस्त्रक्रिया आजही उत्तम मानली जाते; परंतु तीत लांब छेद घ्यावे लागतात, भूल द्यावी लागते, आणि थकलेल्या, हृदयविकार जडलेल्या रुग्णास ती झेपेलच असे नसते.

1953 साली स्वीडनमधील सेल्डिंगर यांनी सुईच्या छिद्रातून रोहिणीत तार सरकवून त्या तारेवरून नळी आत नेण्याची युक्ती शोधून काढली. तिचा उपयोग प्रथम चित्रे काढण्यापुरता होता. रंगद्रव्य नळीतून सोडायचे आणि क्ष-किरणांनी रोहिणीचे चित्र घ्यायचे, एवढेच काम तेव्हा होत असे. अमेरिकेतील पोर्टलंड येथील चार्ल्स डॉटर यांच्या हातून 1963 साली एका रुग्णाचे असे चित्र काढताना बंद असलेल्या रोहिणीतून नळी अवचित पार गेली. जी नळी चित्रासाठी आत जाते ती वाट मोकळी करण्यासाठी का जाऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. 16 जानेवारी 1964 या दिवशी 82 वर्षांची एक वृद्धा त्यांच्याकडे आली. पाऊल सडू लागले होते. शस्त्रवैद्यांनी पाय कापण्याचा सल्ला दिला होता, आणि बाईंनी तो साफ नाकारला होता. मांडीच्या रोहिणीत एक आखूड अरुंद जागा होती. डॉटर यांनी तीतून तार नेली आणि तिच्यावरून एकात एक बसणाऱ्या टेफ्लॉनच्या नळ्या सरकवून ती वाट रुंद केली. काही मिनिटांतच पाऊल ऊबदार झाले. यथावकाश जखम भरली. आणि पुढे सुमारे अडीच वर्षांनी मृत्यू येईपर्यंत त्या बाई स्वतःच्या पायांवर चालत होत्या.

डॉटर यांस त्यांच्या देशात वेडगळ ठरविणारे पुष्कळ निघाले. एका शस्त्रवैद्यांनी तर रुग्ण पाठविताना चिठ्ठीवर 'चित्र काढा, पण दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नका' अशा अर्थाची ताकीद लिहिली होती. युरोपात मात्र त्यांची पद्धत रुजली. जर्मनीत जन्मलेले आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी झुरिकमध्ये घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर खटपट करून नळीच्या टोकास लहानसा लांबट फुगा बसविला. अरुंद जागेत नेऊन तो फुगविला म्हणजे वाट आतून रुंद होते. 12 फेब्रुवारी 1974 रोजी त्यांनी तो प्रथम पायाच्या रोहिणीत वापरला, आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी हृदयाच्या रोहिणीत. आज 'अँजिओप्लास्टी' हा शब्द घरोघर माहीत आहे आणि तो ऐकताच प्रत्येकास हृदय आठवते; परंतु त्या उपचाराचा जन्म पायात झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ज्या कुटुंबात हृदयाच्या अँजिओप्लास्टीसाठी धावाधाव होते, त्याच कुटुंबात पायाचेही तसेच काही होऊ शकते हे कोणाच्या मनात येत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

फुग्याने रुंद केलेली वाट पुन्हा मिटू नये म्हणून आर्जेंटिनात जन्मलेले हुलिओ पाल्माझ यांनी धातूची जाळीदार नळी बनविली. तीच स्टेंट होय. 1991 साली ती अमेरिकेत ओटीपोटातील रोहिणीसाठी मान्य झाली. आता निकेल व टिटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या, आपोआप उमलून आपला आकार धरणाऱ्या जाळ्या निघाल्या आहेत. काही जाळ्यांवर तर कृत्रिम कापडाचे आवरणही असते.

प्रत्यक्ष क्रिया कशी होते ते आपल्या धंद्यातील उपमेने सांगतो. आपल्या धंद्यातही नाडी आहे आणि आमच्याही! लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण पुढे सेफ्टी पिन घालतो आणि बाहेरून चाचपडत ती नेफ्यातून पार नेतो. नेफ्याची शिवण उसवावी लागत नाही. येथेही तसेच. रुग्ण जागा असतो. जांघेतील कातडी तेवढी बधिर करतात. सुईच्या छिद्रातून, पुष्कळदा दुसऱ्या पायाच्या बाजूने, एक मऊ टोकाची तार आत सोडतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत ती अडथळ्यातून पार करतात. वरून पार होत नसेल तर कधी कधी घोट्याजवळून उलट दिशेने आणतात. तार एकदा पार गेली म्हणजे निम्मे काम झाले. मग तिच्यावरून फुगा नेऊन तो काही मिनिटे फुगवितात. गरज पडली तर स्टेंट ठेवतात. चुना फार कठीण असला तर तो खरवडून काढणारी साधने आहेत, आणि मूत्रखडे फोडण्यासाठी वापरतात तसल्या दाबलहरींनी तो तडकविण्याची युक्तीही आता निघाली आहे. शेवटी नळी काढून छिद्रावर काही वेळ दाब देतात आणि काही तास सरळ निजवून ठेवतात. गुंतागुंत नसेल तर पुष्कळ रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातात.

यातील धोकेही सांगितले पाहिजेत. छिद्राच्या जागी रक्तस्राव होऊ शकतो, रोहिणीचे अस्तर फाटू शकते, थराचा कण सुटून खाली अडकू शकतो. चित्रासाठी वापरावयाचे आयोडिनयुक्त द्रव्य दुबळ्या मूत्रपिंडांस बाधू शकते. अशा रुग्णांत काही ठिकाणी त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात. मूत्रपिंडाचा विकार, एखाद्या औषधाची अॅलर्जी आणि चालू असलेली मधुमेहाची औषधे हे सर्व डॉक्टरांस आधी सांगावे.

उघडलेली वाट कायमची उघडी राहते असेही नाही. ओटीपोटातील मोठ्या रोहिणीत ती चांगली टिकते. मांडीतील लांब अडथळ्यांत नुसत्या फुग्याने केलेली वाट पुष्कळ रुग्णांत वर्षभरातच पुन्हा अरुंद होऊ लागते. गुडघ्याखाली तर हा त्रास अधिकच. सांध्याच्या जागी पाय सतत वाकत असल्यामुळे तेथे स्टेंट शक्यतो टाळतात. वाट पुन्हा मिटू नये म्हणून फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा लेप देतात. 2018 च्या अखेरीस या लेपामुळे काही वर्षांनी मृत्यूचे प्रमाण वाढते की काय, अशी शंका प्रसिद्ध झाली आणि जगभर काळजी पसरली. पुढे मोठ्या प्रमाणावर माहिती गोळा झाली, आणि जुलै 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, उपलब्ध माहितीवरून मृत्यूचा धोका वाढत असल्याचे दिसत नाही, असे जाहीर केले. 2024 साली गुडघ्याखालच्या रोहिणीसाठी, कालांतराने विरघळून जाणारी औषधयुक्त जाळीही तेथे मान्य झाली.

मग बायपास श्रेष्ठ की फुगा? पाय धोक्यात आलेल्या रुग्णांवर दोन मोठे प्रयोग अलीकडे झाले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, 1830 रुग्णांच्या पहिल्या प्रयोगात, ज्यांच्या पायात बायपाससाठी चांगली अखंड नीला उपलब्ध होती त्यांस शस्त्रक्रिया अधिक लाभदायक ठरली. जिच्यावर भिस्त ठेवता येईल अशी नीला नव्हती त्यांच्यात दोन्हींत विशेष फरक दिसला नाही. 2023 साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या, 345 रुग्णांच्या दुसऱ्या प्रयोगात गुडघ्याखालील रोगाचा विचार होता. तेथे फुग्याचा उपचार आधी केलेल्यांत पाय कापला जाण्याचे अथवा मृत्यूचे प्रमाण 53 टक्के, तर बायपास आधी केलेल्यांत 63 टक्के आढळले. हे आकडे दोन गोष्टी शिकवितात. एक, सर्वांस एकच माप बसत नाही. ज्या ठिकाणी दोन्ही उपचार करणारे तज्ज्ञ आहेत तेथे सल्ला घेणे बरे. दुसरी, रोग इतका पुढे गेल्यावर आला तर कोणत्याही उपचाराचे फळ मर्यादितच असते. म्हणून त्या टोकास जाण्यापूर्वीच रुग्ण आला पाहिजे.

आणखी एक प्रसंग असा की त्यात क्षणाचाही विलंब चालत नाही. चालता-बोलता पाय एकाएकी पांढरा पडला, गार झाला, असह्य दुखू लागला, बधिर झाला, तर रोहिणीत गुठळी अडकली असे समजावे. पुष्कळदा ती हृदयातून सुटून आलेली असते. अशा पायाचे स्नायू साधारण सहा तासांत मरू लागतात. 1963 साली टॉमस फोगार्टी यांनी गुठळी ओढून काढणारी फुग्याची नळी प्रसिद्ध केली, आणि आता गुठळी विरघळविणारे औषधही नळीवाटे थेट तेथे सोडता येते. परंतु रुग्ण त्या वेळेत रुग्णालयात पोचला तरच या गोष्टींचा उपयोग. मालिश करण्यात, शेकण्यात, सकाळची वाट पाहण्यात ती रात्र घालवू नये.

याच्या उलट, नुसते चालताना पोटरी दुखते आणि पाऊल सुरक्षित आहे, अशा रुग्णाने फुग्यासाठी घाई करण्याचे कारण नाही. त्याचा पहिला उपचार चालणे हाच आहे. दुखेपर्यंत चालावे, थांबावे, दुखणे ओसरताच पुन्हा चालावे. असे दर वेळी 30 ते 45 मिनिटे, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान 12 आठवडे करावे. याने चालण्याचे अंतर पुष्कळ वाढते, हे अनेक प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. त्याबरोबर रक्तातील मेद कमी करणारे व रक्त गोठू न देणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे आणि साखर व रक्तदाब ताब्यात ठेवावेत. एवढे करूनही कामधंदा अडत असेल तर मग अँजिओप्लास्टीचा विचार करावा. अँजिओप्लास्टी झाल्यावरही हे सारे चालूच ठेवावे लागते. फुगा वाट उघडतो, रोग बरा करीत नाही.

तंबाखूविषयी स्पष्ट बोलतो. विडी-सिगारेट हा या रोगाचा सर्वांत मोठा टाळण्याजोगा हेतू होय. पन्नाशीच्या आतील तरुणांस होणारा एक वेगळा रोग आहे. 1908 साली लिओ बर्गर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले म्हणून त्यास बर्गरचा रोग म्हणतात. आपल्या देशात तो विडी ओढणाऱ्यांत विशेष दिसतो. त्यात अगदी बारीक रोहिण्या मिटतात, त्यामुळे फुगा किंवा बायपास यांचा इलाज तेथे फारसा चालत नाही. तंबाखू सर्वस्वी सोडणे हाच त्यावर खरा उपाय, आणि एक-दोन विड्याही त्यात चालत नाहीत. मिश्री व चघळण्याचा तंबाखू निरुपद्रवी आहे, या समजुतीतही भगिनींनी राहू नये.

शेवटी आपल्या संस्थेस तीन विनंत्या करतो. पहिली, पुढील वर्षापासून संमेलनाच्या दिवशी पन्नाशी ओलांडलेल्या सर्वांची, आणि मधुमेही व तंबाखू सेवन करणाऱ्या बंधुभगिनींची वय न पाहता, पायाची नाडी व घोट्याचा रक्तदाब तपासण्याची व्यवस्था करावी. त्यास एक डॉप्लर यंत्र, रक्तदाबाचे पट्टे आणि दोन-तीन प्रशिक्षित माणसे पुरतील. समाजातील डॉक्टर मंडळी यासाठी एक दिवस देतील याची हमी मी घेतो. दुसरी, विद्यार्थी साहाय्य निधीप्रमाणे एक रुग्ण साहाय्य निधी उभारावा. पाय गेला म्हणजे कमावते माणूस घरी बसते, आणि त्याबरोबर मुलाचे शिक्षणही थांबते; तेव्हा हे दोन निधी एकमेकांचे विरोधी नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात. कोणता उपचार योजनेत बसतो याची चौकशी त्यांच्याकडे करून देणारा एखादा कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात नेमावा, म्हणजे निधीवरचा भारही हलका होईल. तिसरी विनंती दुकानदार बंधूंस आहे. आपल्याकडे काम करणारा कारागीर मधुमेही असेल तर त्यास अनवाणी बसवू नये, आणि दिवसातून एकदा जमिनीवरील टाचण्या वेचण्यासाठी लोहचुंबक फिरवावा. याला दहा मिनिटे लागतात.

आपल्यापैकी कोणी आजपासून घरातील वडीलधाऱ्यांस एवढेच विचारले की, 'बाबा, किती चालल्यावर पोटरी भरून येते?' आणि उत्तर ऐकून त्यांस वेळेवर डॉक्टरांकडे नेले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.